रायफल क्लबला सर्वसामान्य लोकांसाठी 'ओपन डे' ठेवायचा असेल तर परवानगी कुणाची घ्यावी लागते?

तुम्ही लिहिलंय की क्लब फक्त १० मीटर एअर रायफलचा आहे, एका रविवारी गावातल्या लोकांना बोलवून चार-चार शॉट मारायला द्यायचेत, आणि कमिटीतले निम्मे म्हणतायत "एअर रायफलला लायसन लागत नाही, मग परवानगी कसली मागायची?" हेच वाक्य मी चार महिने रोज ऐकलंय म्हणून लिहायला बसलो.

लायसन लागत नाही हे खरंय. ४.५ मिमी बोअर (नळीचं छिद्र), ताकद २० ज्यूलच्या आत, त्यात वाद नाही. पण तुम्ही दीडदोनशे अनोळखी माणसं गोळा करणार, त्यांच्या हातात रायफल देणार, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला .२२ (खऱ्या गोळीची, लायसन लागणारी रायफल) कुठली न एअर रायफल कुठली हे कळत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं म्हणजे कळवायचंच.

आमचा क्लब तालुक्याच्या गावात, बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये, सहा लेनचा. मी सेक्रेटरी. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात पोरं उभी. येणारच की, खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं वैयक्तिक मेडल, ते पण कांबळवाडीसारख्या गावातल्या पोराने आणलेलं. ठरलं, महिनाअखेरच्या रविवारी ओपन डे.

अर्ज अध्यक्षांनी लिहिला आणि विषय टाकला 'शस्त्र प्रदर्शन व नेमबाजी कार्यक्रमास परवानगी मिळणेबाबत'. शस्त्र हा शब्द वाचला न ठाणे अंमलदारांनी अर्ज परत दिला, कलेक्टर ऑफिसला गृह शाखेत जा म्हणाले. गृह शाखेत सांगितलं एअर रायफल आमच्याकडे येत नाही, पोलीस स्टेशनला जा. दोन हेलपाटे झाल्यावर मी अर्ज नव्याने लिहिला, 'एअर रायफल क्रीडा प्रात्यक्षिक', सोबत रेंजचा नकाशा, टार्गेटमागच्या भिंतीचे आणि पेलेट ट्रॅपचे (एअर रायफलचे छर्रे अडवणारी पेटी) फोटो, कोचचं सर्टिफिकेट, जिल्हा असोसिएशनचं पत्र, वेळ १० ते १, अंदाजे किती लोक येणार ते. हा घेतला, पण तोवर गणपती आले, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा आदेश लागला (तोच, शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका बाळगायला मनाई, पंधरा-पंधरा दिवसांचा असतो), मग नवरात्र, मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. शेवटी डिसेंबरचा दुसरा रविवार मिळाला.

आमचे खजिनदार, वयाने मोठे, आम्ही अण्णा म्हणतो, ते ह्या चार महिन्यांत माझ्यावर सतत चिडलेले. "विचारायला गेलास म्हणून अडलं, न विचारता ऑगस्टमध्ये केलं असतं तर चारशे पोरं आली असती." आणि आदल्या संध्याकाळी ते स्वतःची लायसनची .२२ घेऊन शेडवर आले. म्हणाले लोक स्वप्नीलची रायफल बघायला येणार, त्याने मेडल ५० मीटरला .२२ वर घेतलंय, ह्या एअर रायफलने कुणाचं समाधान होतंय, दोन-दोन राऊंड मारू दे सगळ्यांना, आपल्याच शेडमध्ये कोण बघतंय.

मी नाही म्हणालो. लायसन अण्णांच्या नावावर, ती वाटेल त्याच्या हातात द्यायला नाही, आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ३ आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमचा ट्रॅप पेलेट अडवण्यापुरता, मागे पत्रा, पत्र्यामागे वस्ती, आणि .२२ ची गोळी मोकळ्यात दीड किलोमीटरच्या वर जाऊ शकते. अण्णा तसेच निघून गेले, सोबत पाच मेंबर गेले, ते अजून आलेले नाहीत. मला बाहेर भित्रा म्हणतात.

ओपन डेला एकशे चाळीस माणसं आली. साडेअकराला कुणीतरी ११२ ला फोन केला की शेडमध्ये गोळीबार चाललाय. गाडी आली, दोघं उतरले. मी पोच दाखवली, आवक नंबर, शिक्का, तारीख. त्यांनी ठाण्यात फोन लावून नंबर सांगितला, सगळ्या लेन फिरून बघितल्या, प्रत्येक रायफल हातात घेतली, दहा मिनिटांत गेले. त्या दहा मिनिटांत टेबलावर अण्णांची .२२ असती आणि ती एखाद्या कॉलेजच्या पोराच्या हातात असती तर क्लबला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं, आणि अण्णांचं लायसन पण गेलं असतं. हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलंय. कमी पोरं आली ह्याचं मला त्यांच्याइतकंच वाईट वाटतं, ऑगस्टमध्ये दारात उभी राहिलेली कितीतरी परत दिसलीच नाहीत. पण चूक अर्ज करण्यात नव्हती, चुकीचा अर्ज उशिरा करण्यात होती.

तर तुम्ही दीड महिना आधी जा, सणवार आणि निवडणूक बघून तारीख धरा, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. तुमच्या त्या निम्म्या मेंबरांना विचारा, ११२ ची गाडी आली तर पुढे कोण होणार, नाव लिहून द्या.

दिवसभर एका लेनला एकच कोच, शॉट झाला की रायफलमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी खूण), आमच्याकडे बारा वर्षांखाली कुणाला देत नाही आणि अठराच्या आतल्यांना पालकांची सही. पेलेट शिशाचे असतात, साबण आणि पाणी बाहेरच ठेवा.

एक राहिलं, हे सगळं फक्त एअर रायफलपुरतं. क्लबच्या नावावर .२२ चं लायसन असेल तर त्यावरच्या अटी आधी वाचा, आणि त्याचं लायसनिंग आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे असतं, इतरत्र कलेक्टरकडे. स्पीकर लावणार असाल तर त्याचा अर्ज वेगळा.