आधी सांगून दाखव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार पानी, पण खरा प्रश्न तू शेवटून दुसऱ्या ओळीत दडवलास: ईएसएल (इंग्लिश ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीचा इंग्लिशचा वर्ग) आणि पब्लिक स्पीकिंग, दोन्ही सोडून त्या जागी एक्सरसाइज सायन्सचा आणखी एक विषय घेतला तर चालेल ना मावशी?

नाही चालणार.

तुझ्या दोन वर्षांच्या अमेरिकन कम्युनिटी कॉलेजला नाक मुरडणाऱ्या तुझ्या चुलतभावावर मी शाई खर्च करणार नाही. अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात माणसाच्या अंगात तिथेही २०६च हाडं असतात. मला राग आलाय तो तुझ्या त्या एका वाक्याचा, की "मला कोच व्हायचंय, वक्ता नाही." अरे, पळणार दुसरा, घाम गाळणार दुसरा, जिंकणार-हरणार तोही दुसराच. मैदानाच्या कडेला उभं राहिल्यावर तुझ्या हाती राहतं काय? एक वाक्य. तेही दोन-तीन सेकंदांत बोलायचं, दमलेल्या माणसाशी, गोंगाटात. त्याची तयारी तू कोणत्या वर्गात करणार आहेस?

एक कर. पुस्तक मीट आणि आईला फोनवर सांग, की सवय नसताना परवा उतारावरून पळालो तर आज मांड्या का दुखतात. "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं" म्हणालास ना? तिथेच पकडला गेलास. व्यायामात रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे तू ज्याला लॅक्टिक म्हणतोस तेच, तासाभरात जवळजवळ पूर्वपदावर येतं. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांत टिपेला जातं, म्हणजे हिशेब जुळत नाही. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी जोर लावून तुला सावरतो. सवय नसलेल्या तंतूंना त्यातून बारीक इजा होते आणि ते ठणकतात. या प्रकाराला एक्सेंट्रिक कॉन्ट्रॅक्शन म्हणतात. तो शब्द पेपरात लिहून तुला मार्क मिळतील. पण आईने "म्हणजे काय रे?" विचारलं आणि तू अडखळलास, तर त्या मार्कांना काही अर्थ नाही. आधी सांगून दाखव, मग म्हण येतं.

मी ज्येष्ठांचे वर्ग घेते, ते तुला ठाऊक आहे. खुर्चीतून उठणं-बसणं हा आमचा मुख्य व्यायाम. जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि रक्तदाब झटकन वर जातो. ज्याला आधीच ब्लडप्रेशर आहे त्याला हे बाधू शकतं. पुस्तक म्हणतं, जोर लावताना श्वास सोडा. तसं सांगून बघ. निम्मे लोक नेमका तेव्हाच श्वास घेतात, कारण "जोर" कुठे सुरू होतो हेच त्यांना उमगत नाही. मग मी एवढंच म्हणते: उठताना आकडा मोठ्याने मोजा. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, विषय संपला. शरीरशास्त्र तेच आहे, फक्त ते वाक्यात नीट बसवलंय. हे वाक्य मला कुठल्याही फिजिऑलॉजीच्या तासाला मिळालं नाही. समोरच्या आजोबांच्या तोंडाकडे बघत बसले, तेव्हा सापडलं.

हृदयाच्या ठोक्यांचंही तसंच. जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र तू पत्रात मोठ्या ऐटीत लिहिलंयस. साठीच्या माणसाला ते १६० सांगतं. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र १६६ सांगतं. दोन्ही सरासऱ्याच आहेत, आणि समोरचा माणूस सरासरी नसतो. त्यात तो बीटा ब्लॉकरची गोळी घेत असेल तर ठोके औषधानेच दाबलेले, मग सूत्राचा उपयोग शून्य. त्यापेक्षा त्याच्याशी गप्पा मार. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतंय, तर जोराचा. टॉक टेस्ट म्हणतात याला. आणि तू म्हणतोस बोलण्याचा व्यायामाशी संबंध काय!

शास्त्रच हवंय ना तुला? मग गाब्रिएले वुल्फ यांचा १९९८चा प्रयोग वाच. स्की-सिम्युलेटरवर, म्हणजे चाकांच्या पाटावर उभं राहून डावी-उजवीकडे सरकायच्या यंत्रावर, नवख्या लोकांचे गट केले. एका गटाला सांगितलं, बाहेरच्या पावलाने जोर द्या. दुसऱ्याला सांगितलं, बाहेरच्या पावलाखालच्या चाकांवर जोर द्या. फरक एवढाच, आणि दुसरा गट चांगलं शिकला. लक्ष स्वतःच्या अवयवावर न ठेवता हालचालीचा जिथे परिणाम होतो तिथे ठेवलं, की बहुधा शरीर आपलं आपण जुळवून घेतं. माझ्याकडच्या मुलींचे स्क्वॉट करताना गुडघे आत झुकतात. "गुडघे बाहेर" म्हटलं की त्या गुडघ्यांकडे बघायला लागतात आणि पाठ वाकते. "पायांखालची सतरंजी दोन्हीकडे ताणून धरा" म्हटलं की काम होतं. ज्यांना सतरंजी माहीत नाही त्यांच्यासाठी वेगळं वाक्य शोधावं लागतं. तेच शोधता यावं म्हणून भाषा शिकायची.

बास्केटबॉलचे कोच जॉन वूडन तुला फक्त त्यांच्या दहा विजेतेपदांमुळे माहीत आहेत. १९६४ ते १९७५, यूसीएलए या विद्यापीठाच्या संघासोबत बारा हंगामांत दहा एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेची, अजिंक्यपदं. पण यूसीएलएला जाण्याआधी ते हायस्कुलात इंग्लिश शिकवत होते, हे तुला कोणी सांगितलं नसणार. १९७४-७५च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर हे दोन अभ्यासक त्यांच्या सरावाला येऊन बसले आणि ते काय काय बोलतात याची नोंद ठेवली. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग निव्वळ माहितीचा निघाला: काय करायचं, कसं करायचं. शाबासकी थोडी, रागावणंही थोडं. लांबलचक भाषण तर नाहीच. पब्लिक स्पीकिंगचा वर्ग तुला लांब बोलायला शिकवेल असं वाटून तू घाबरलायस. चांगला शिक्षक मिळाला तर तो तुला थोडक्यात बोलायला शिकवेल. आणि कधी गप्प बसायचं तेही. पावलोपावली सूचना दिल्या तर खेळाडू सरावात छान दिसतो आणि सूचना बंद झाल्या की गोंधळतो, हे १९८४ पासून लिहून ठेवलेलं आहे. तरी साईडलाइनवर अखंड ओरडणारे कोच कमी झाले नाहीत ते नाहीतच.

आता ईएसएल. तिथे बसणं तुला कमीपणाचं वाटतं. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या वेळापत्रकात तीच खोली सर्वांत मोलाची आहे. तिथे शेजारी बसलेली माणसं उद्या तुझ्या जिममध्ये येणार आहेत, त्यांची मुलं तुझ्या संघात येणार आहेत. कोणती सूचना त्यांना उलटी ऐकू येते, कुठे न समजताच मान डोलावली जाते, हे तुला इतक्या जवळून दुसरीकडे बघायला मिळणार नाही. व्यायामाआधी भरून घेतात तो पार्क्यू फॉर्म आठव. सात प्रश्न. छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, असे. इंग्लिश कळलं नाही की माणूस खाली सातही ठिकाणी "नाही"वर खूण करून मोकळा होतो. छातीत "दुखत" नाही, "दडपल्यासारखं होतं", म्हणूनही "नाही" लिहितो. फॉर्म नीट भरलेला दिसतो आणि आत धोका बसलेला असतो.

यावरूनच माझं एका क्रीडाकेंद्रात बिनसलं. मी म्हणायचे, प्रश्न तोंडी विचारा, त्यांच्या भाषेत विचारा, जमत नसेल तर जमणारा माणूस बोलवा. वरिष्ठांचं म्हणणं, माणसामागे एवढा वेळ परवडत नाही, सही आहे ना, बास. मी हट्ट सोडला नाही, त्यांनी मला पुढच्या हंगामात वर्ग दिले नाहीत. त्याचं मला आजही काही वाटत नाही. बरं, वाटतं थोडं. तिथलं मैदान चांगलं होतं. पण बरोबर मीच होते. खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. स्पॅनिश मी पन्नाशीला टेकल्यावर शिकायला घेतली. समोरच्या आजी हसून दुरुस्त करतात, तोवर त्यांचा गुडघा थंड पडलेला असतो. तुझ्या वयात कॉलेजात समोर वाढून ठेवलेलं असतं तर मी एक सेमिस्टरही सोडलं नसतं.

व्यवहाराचं पटकन सांगते. पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट तुला आत्ताही काढता येईल; बहुतेक ठिकाणी अठरा वर्षं, हायस्कूल आणि सीपीआर-एईडी (हृदय बंद पडल्यावर करायच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण) एवढं लागतं. पण संघांसोबत स्ट्रेंग्थ कोच म्हणून उभं राहायचं असेल तर बहुधा सीएससीएस हे स्ट्रेंग्थ कोचचं सर्टिफिकेट लागेल, आणि त्याला बॅचलर्स डिग्री हवी. म्हणजे दोन वर्षांनी तुला विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायचीच आहे, आणि ट्रान्सफरच्या यादीत इंग्लिश कॉम्पोझिशन असतंच, बहुधा कम्युनिकेशनही असतं. आज टाळलेलं तेव्हा दुप्पट घाईत करावं लागेल. अ‍ॅनाटॉमीची जागा मात्र लगेच धर, नर्सिंगची मुलं ती भराभर भरतात. काउन्सेलरकडे जाताना तुझ्या चार पानांऐवजी तीन प्रश्न लिहून ने. तीनच. बघ जमतंय का.

विषय ड्रॉप करण्याची शेवटची तारीख आधी बघून घे. ती उलटून गेल्यावर सोडलंस तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय मध्येच सोडल्याची खूण, राहतो. आणि त्या तारखेआधी मला पार्क्यूचे सातही प्रश्न मराठीत रेकॉर्ड करून पाठव, तुझ्या आजीला विचारतोयस अशा आवाजात. "वैद्यकीय अवस्था" वगैरे म्हणालास तर परत पाठवीन.

तुझी
मावशी