स्लीव्ह ऑपरेशननंतर माणूस पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात तुमचं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं, ऑपरेशन ठरलंय, वजन 118 किलो आहे आणि नोकरी बसून करायची आहे. दुखतं किती, कामावर कधी जाता येतं, घरचं साधं जेवण पुन्हा जेवता येतं का आणि नातेवाइकांना सांगावं की नाही, हे तुम्हाला हवंय. मी डॉक्टर नाही. कराडचा विमा प्रतिनिधी आहे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या 46व्या वर्षी, पुण्यात माझं हेच ऑपरेशन झालं. तेव्हा वजन 128, उंची पाच फूट सात इंच, रात्री इन्सुलिन आणि झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकावर सीपॅपचं, म्हणजे हवा ढकलणारं, मशीन. खालचं सगळं एका माणसाचं आहे. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

पोटावरच्या जखमांचं म्हणाल तर दहाएक दिवसांत त्यांची आठवणही राहत नाही. जेवायला शिकायला मात्र मला सहा महिने लागले. ऑपरेशनआधी मी सगळी चौकशी जखमांचीच केली होती.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा जास्त ठणकत होता. मला वाटलं टेबलावरून उचलताना आखडला. सिस्टर म्हणाल्या, गॅस आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला थोडा आत राहतो, त्याने छाती आणि पोटामधला पडदा चाळवतो आणि कळ खांद्यात येते. त्यावर औषध म्हणजे चालणं. त्याच संध्याकाळी मला उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं. सलाइनचा स्टँड एका हातात, पायात घट्ट मोजे. माणूस पडून राहिला तर पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते, म्हणून ते मोजे आणि रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. शिवाय तीन चेंडूंचं ते फुप्फुसाचं खेळणं देतात, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. कंटाळा येतो, पण कराच. घरी आल्यावरही करा.

दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतं तसं प्लास्टिकचं माप, 30 मिली. ते पाव तासात संपवायचं. आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायलेला माणूस मी, म्हटलं यात काय आहे, आणि अर्धं माप एकदम घेतलं. ते पाणी छातीच्या मधोमध येऊन थांबलं. अक्षरशः थांबलं. गोटी गिळल्यासारखं वाटलं. मग कण्हत, पाठ सरळ करून ते खाली उतरायची वाट बघत बसलो. त्यानंतर जीभ ओली होईल एवढाच घोट.

असं का होतं ते समजून घेतलंत तर पुढचा महिना सोपा जाईल. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. मागे केळ्यासारखी एक नळी उरते, तिच्यात साधारण 100 ते 150 मिली मावतं. ती नळी लांबच्या लांब स्टेपलने शिवलेली असते आणि सुरुवातीला आतून सुजलेली असते. पहिल्या काही आठवड्यांचा पातळ आहार ही शिवण भरून यावी म्हणून असतो, वजन उतरावं म्हणून नाही. हे घरच्यांनाही सांगून ठेवा. माझ्या आईचं मत होतं की 'वजन तर उतरतंयच, आता जरा मऊ भात खाल्ला तर काय बिघडतं?' बिघडतं. शिवण सुटली तर पोटात गळती होते, आणि ती जीवावर बेतू शकते.

म्हणून धोक्याच्या खुणा फ्रीजवर चिकटवा. ताप 101च्या वर, स्वस्थ बसलेलं असताना नाडी 120च्या वर, पोटातलं दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत जाणं, नव्याने डावा खांदा दुखणं, धाप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, काळी शी, पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं काहीही दिसलं तर गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन थांबू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना लगेच फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. उलट्या थांबतच नसतील तर बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. मग हातपाय बधिर होणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं सुरू होतं. उलट्या काय, होतातच, असं म्हणून घरी बसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुणे ते कराड गाडीत पोटाशी उशी धरून बसलो होतो, खंबाटकीच्या वळणांवर तिचा उपयोग कळला. वाटेत दोनदा उतरून चाललो. खोकताना, शिंकताना, अंथरुणातून उठतानाही ती उशी लागते. एकदम ताठ उठू नका, आधी कुशीवर वळा.

आता जेवण. मला पहिले दोन आठवडे फक्त पातळ होतं: गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, साय काढलेलं दूध, शहाळं, पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधलं, म्हणजे घट्ट वरण, दह्यात घुसळलेलं पनीर, दुधी भोपळ्याचं गरगट. मग मऊ: अंडं, मासा, मुगाची आसट खिचडी. दोन महिन्यांनी घरचं सगळं, पण वाटीत मावेल इतकंच. प्रत्येक हॉस्पिटलचे दिवस थोडे इकडेतिकडे असतात. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, म्हणजे बघा काय कसरत होते ती. म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, मासा, डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे पोळी मोडून कालवणाला लावायची सवय, ती उलटी करावी लागते.

जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी दिवसभर घोट-घोट करत दीड-दोन लिटर गाठायचं. हे मला सगळ्यात अवघड गेलं. मी अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली स्कूटरच्या हुकाला लटकवली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात गाडी लावली की दोन घोट घ्यायचो. पाणी कमी पडलं की चक्कर येते आणि मलावरोध होतो. इसबगोल मनाने घेऊ नका, पाणी कमी असताना ते आणखी त्रास देतं.

सहाव्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो. फोनवर एका गिऱ्हाइकाशी हप्त्याबद्दल बोलत होतो, समोर बायकोची गरम पोळी. उभ्या-उभ्या तीन घास गेले, चावले की नाही आठवत नाही. दोन मिनिटांत छातीत कुणी बुक्की रुतवून ठेवल्यासारखं झालं. तोंडात लाळेचा फेस येऊ लागला, गिळता येईना, थुंकत बेसिनपाशी पाऊण तास उभा. शेवटी तो गोळा वर आला तेव्हा सुटलो. पोळी आणि पाव नळीत चिकट गोळा होऊन बसतात. भाकरी मला पोळीपेक्षा बरी सोसली, अर्थात ताकात कुस्करून. तेव्हापासून घास अंगठ्याच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, आणि फोन दुसऱ्या खोलीत. पोट भरल्याची खूणही वेगळी असते. मला उचकी लागते, काहींचं नाक गळायला लागतं. ती आली की ताट सरकवायचं, चमचाभर वरण उरलं असलं तरी. अन्न टाकू नये हे लहानपणापासून शिकलोय. म्हणून मी सरळ लेकाच्या दुधाच्या वाटीत वाढून घ्यायला लागलो.

भूक लागत नाही, हे खरं आहे. भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच कापून टाकलेला असतो. पण खावंसं वाटणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या घरून भज्यांचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू नका. त्या दिवसांत मला उगाच रडू यायचं, मी का हे करून घेतलं असं वाटायचं. नंतर तपासणीला गेलो तेव्हा बाकावरच्या तिघांनी तेच सांगितलं. आठवड्याभरात निवळतं. महिनाभर राहिलं तर डॉक्टरांना सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांकडे नीट लक्ष द्या. माझं इन्सुलिन हॉस्पिटलमध्येच निम्म्यावर आणलं आणि तीन आठवड्यांत बंद केलं. जुने डोस तसेच चालू ठेवले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. पण कमी-जास्त डॉक्टरांनीच करायचं. सीपॅपसुद्धा मी मनाने सोडलं नाही, सात महिन्यांनी झोपेची तपासणी परत केल्यावर सुटलं. अंगदुखीवर ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून घेऊ नका, त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. आम्लपित्ताची गोळी काही महिने असते. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ नव्याने सुरू होते, मला अजून रात्री आठनंतर खाल्लं की होते. वजन वेगाने उतरताना पित्ताचे खडेही होतात, त्यासाठी मला सहा महिने वेगळी गोळी होती. आणि बी-12, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम हे चालूच राहणार. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोनेक तास जाऊ द्या.

इथे माझ्या धंद्यातलं थोडं. 2019च्या नियमांनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 किंवा त्याहून जास्त असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार असं काही गंभीर असेल, तर आरोग्यविम्यात हे ऑपरेशन सरसकट नाकारता येत नव्हतं. आज तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघून घ्या. प्रतीक्षाकाळ वगैरे असतोच. पण डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपुरताच मिळतो. पावडरी, जीवनसत्त्वं, दर काही महिन्यांच्या रक्ततपासण्या पुढे खिशातून. आधीच बाजूला काढून ठेवा.

कामाचं. बसून नोकरी असेल तर दोन आठवड्यांनी जाता येतं, तीन मिळाले तर घ्या. दुखत नसलं तरी अकरा वाजता अंगातलं त्राण संपतं, कारण पोटात काहीच नसतं. स्कूटर मी तीन आठवड्यांनी काढली. सिलिंडर, पाण्याची भरलेली बादली, नातवंडं-भाचरं उचलणं सहा आठवडे नाही. तुम्ही बाई असाल आणि मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही विचारून ठेवा.

वजनाचं म्हणाल तर ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांच्या पातळ आहारातच पाच किलो गेलं, ऑपरेशननंतरच्या महिन्यात आणखी नऊ. मग बारा दिवस काटा 114वरून हललाच नाही. ऑपरेशन फसलं म्हणून मी रात्री डॉक्टरांच्या मदतनीसांना मेसेज केला. त्यांनी उत्तरात फक्त हसरा चेहरा पाठवला. हा अडथळा बहुतेकांना पहिल्या महिन्या-दीड महिन्यात लागतो. सहा महिन्यांनी 95, वर्षाने 86, आज 90. हे चार किलो परत आलेत ते चहाबरोबरच्या फरसाणाचे आहेत. ते सहज उतरतं आणि पोटही भरत नाही, त्यामुळे नळी त्याला अडवत नाही. चौथ्या महिन्यात केस गळाले. मी खुर्चीवरून उठताना न्हाव्याने हळूच विचारलं, 'साहेब, केमो वगैरे चालू आहे काय?' वर्षभरात बरेचसे परत आले. पोटाची कातडी मात्र लोंबते, ती व्यायामाने जात नाही. थंडी जास्त वाजते आणि लाकडी बाकावर माकडहाड टोचतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिलं नातेवाइकांचं. मी घरच्या चौघांशिवाय कुणाला सांगितलं नाही, आणि ती चूक झाली असं आता वाटतं. माझा धंदा म्हणजे रोज पाच-सहा घरं, प्रत्येक घरी चहा-पोहे, 'अहो, एवढं तरी घ्या'. काही न सांगता नको म्हणालो की माणसं दुखावायची. वर चेहरा उतरलेला, कपडे ढगळे. कराडात बातमी फिरली की मला मोठा आजार आहे. दोन गिऱ्हाइकांनी पॉलिसीचं काम दुसऱ्याकडे दिलं, आणि एका काकूंनी माझ्या बायकोला मंडईत गाठून धीर दिला. बायको घरी येऊन म्हणाली, आता तुम्हीच सांगा सगळ्यांना. मग सांगायला लागलो, 'पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी वाटीभरच सांगितलंय.' डॉक्टरांचं नाव घेतलं की आग्रह थांबतो. त्या काकू आता मी आलो की बशीत चमचाभर पोहे वाढतात, वर खोबरं-कोथिंबीर घालून, आणि मी ते दहा मिनिटं पुरवतो.