गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची वास्तुशैली, बघायला सुरुवात करताय?

पहिल्याच फेरीत दहा कॅथेड्रलांची (मोठ्या चर्चची) यादी करू नका. एकच धरा, फ्रान्समधलं शार्त्र. ११९४च्या आगीनंतर बहुतेक नव्याने उभं राहिलेलं. आत गेलात की मान वर करा आणि छताची एकच फासळी (उठावाची दगडी पट्टी) खांबावरून जमिनीपर्यंत नजरेने उतरवत आणा. मग बाहेर येऊन भिंतीला टेकू देणाऱ्या कमानी बघा. छताचा रेटा त्या पेलतात, म्हणून तर भिंतीत एवढ्या काचा मावल्या! खिडक्यांवरच्या गोष्टी बहुधा खालून वर वाचायच्या.

हमखास होणाऱ्या चुका:

- टोकदार कमान दिसली की मध्ययुगीन ठरवणं. आपलं सीएसएमटी १९व्या शतकातलं.
- पॅरिसच्या नोत्र दामच्या गच्चीवरचे दगडी राक्षस जुने समजणं. तेही १९व्या शतकातलेच. (मीही फसलो होतो.)

छोटी दुर्बीण मात्र न्याच.