‘फायबर अँटेना’ म्हणजे फायबरचा अँटेना?

प्रश्न असा आहे: इमारतीच्या आत मोबाइल आणि वायफायची रेंज पोचवणाऱ्या स्वस्त यंत्रणेबद्दल लिहिताना ‘फायबर अँटेना जाळे’ म्हटलं तर चालेल का, की ऑप्टिकल फायबरसाठी ‘प्रकाशतंतू’च वापरावा?

‘फायबर’ खुशाल ठेवा, पण हा समास टाळा. मराठीत फायबर म्हटलं की आधी तो पदार्थच आठवतो: फायबरचं दार, फायबरची मूर्ती, फायबरचं छप्पर. त्यामुळे वाचणारा ‘फायबर अँटेना’चा विग्रह ‘फायबरचा केलेला अँटेना’ असाच करणार. शिवाय फायबरग्लासच्या नळीत बसवलेले अँटेना बाजारात खरोखरच मिळतात, म्हणजे गोंधळ पक्का.

इथे फायबर लागतो तो संदेश वाहायला. इमारतीतल्या एका खोलीत मुख्य यंत्र असतं. तिथे रेडिओ संदेश लेझरच्या प्रकाशावर चढवतात. संदेशाच्या चढउताराबरोबर प्रकाश कमीजास्त होतो. तो काचेच्या तंतूतून मजल्यामजल्यावर जातो. तिथे फोटोडायोड त्याचा पुन्हा विद्युत संदेश करतो, छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्याला बळ देतो आणि अँटेना तो हवेत सोडतो. फोनकडून येणारा संदेश असाच उलट जातो. महागडी यंत्रसामग्री एकाच जागी राहते, मजल्यांवर मोजकेच भाग लागतात. त्यातून अनेक कार्यालयांत संगणकांसाठी घातलेला मल्टिमोड फायबर (जाड गाभ्याचा, प्रकाशाला अनेक वाटांनी जाऊ देणारा) आधीच भिंतींत असतो, आणि त्याला 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे स्वस्त लेझर चालतात. खर्च वाचतो तो इथे. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मोबाइलसाठी फायबरवरून रेडिओ संदेश नेण्याची युक्ती वापरली होती.

एवढं सगळं काम फायबर करत असेल, तर त्याचं अँटेनाशी असलेलं नातं विभक्तीनेच सांगावं: ‘फायबरने जोडलेल्या अँटेनांचं जाळं’. लांब वाटलं तरी अर्थ पहिल्या वाचनात लागतो. फायबरवरून रेडिओ संदेश नेण्याच्या या ‘रेडिओ ओव्हर फायबर’ तंत्राला मी ‘तंतुवाहित रेडिओ’ म्हणेन.

जुन्या विज्ञानलेखनात अँटेनाला ‘आकाशक’ असाही शब्द भेटतो. देखणा शब्द आहे, मला फार आवडतो. पण छताला चिकटवलेल्या पांढऱ्या चकतीला तो शोभत नाही. तिथे ‘अँटेना’च बरा.

‘प्रकाशतंतू’ वापरणार असाल तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. शब्दाच्या शेवटी ‘तंतू’ दीर्घ, ‘तंतूने’, ‘तंतूंचे’ हेही दीर्घ. समासात पुढे दुसरं पद आलं की ऱ्हस्व: तंतुजाल, तंतुवाहित.