पेमेंट कंपनीने पैसे अडकवले तर: कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्सचा दावा कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा: विक्रीचे ४,२०० डॉलर कंपनीने रोखले, करारात पैसे रोखण्यासाठी ठरलेले १८० दिवस उलटून गेले, कस्टमर केअर म्हणते 'निर्णय अंतिम आहे'. वकिलाशिवाय दावा लावता येईल का?

येईल. स्मॉल क्लेम्स म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचे कोर्ट; कॅलिफोर्नियात तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो. मात्र खाते कॉर्पोरेशन किंवा एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) यांच्या नावावर असेल तर मर्यादा ६,२५० डॉलर. तुमच्या रकमेला कोर्टाची फी ५० डॉलर, जिंकलात तर तीही मागता येते.

आधी करार काढा. लवादाचे कलम (वाद कोर्टात न नेता लवादाकडे न्यायचा) दिसले की बरेच जण तिथेच हात टेकतात. ते शेवटपर्यंत वाचा, कारण अशा बऱ्याच करारांत त्याच कलमात स्मॉल क्लेम्सची वाट मोकळी ठेवलेली असते. ते पान छापून ठेवा. मग कंपनीला एक पानी मागणीपत्र पाठवा: रक्कम, कराराचे कलम, पैसे देण्यासाठी १४ दिवस. एससी-१०० या दाव्याच्या फॉर्मवर 'पैसे मागितले होते का' असा प्रश्नच आहे. पत्रात राग काढू नका, ते पुढे न्यायाधीशांच्या हातात जाणार आहे.

खरी गोची होते ती नावात. अ‍ॅपवर दिसतो तो ब्रँड. दावा लावायचा तो करारात लिहिलेल्या कंपनीवर, 'इन्क' की 'एलएलसी' इथपर्यंत तंतोतंत. नाव चुकले तर निकाल हातात असूनही वसुली अडते. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (कंपन्यांची नोंदणी ठेवणारे कार्यालय) साइटवर ते नाव शोधा. तिथेच कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणाऱ्या एजंटचा पत्ता मिळतो. कागद कस्टमर केअरच्या पत्त्यावर पाठवून उपयोग नाही, एजंटलाच द्यायचे. तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. १८ वर्षांवरील, दाव्याशी संबंध नसलेली व्यक्ती लागते. हातात द्यायचे तर एजंट कोर्टाच्याच काउंटीत (जिल्ह्यात) असल्यास सुनावणीच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी, बाहेर असल्यास २० दिवस. देणाऱ्याने सही केलेला एससी-१०४ (कागद दिल्याच्या पुराव्याचा फॉर्म) तारखेच्या ५ दिवस आधी कोर्टात पोचला पाहिजे. तो नसेल तर बहुधा पुढची तारीख पडते.

सुनावणीत मिनिटे मोजकीच मिळतात. ईमेलचा गठ्ठा नको, एक तक्ता न्या: विक्रीची तारीख, रक्कम, ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्याची तारीख, ग्राहकाची तक्रार आहे की नाही. खालची बेरीज दाव्याच्या रकमेशी सेंटपर्यंत जुळू द्या. कंपनीने पैसे 'नियमभंगाची भरपाई' म्हणून वळते केले असतील तर कोणता नियम, कोणता व्यवहार आणि नुकसान किती, हे विचारा. आधीच ठरवलेली भरपाई करार करतेवेळी अवाजवी होती असे दाखवता आले, तर ती कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडच्या (नागरी कायद्याच्या) कलम १६७१ खाली टिकत नाही. दाखवायची जबाबदारी तुमची, म्हणून तक्त्यात तक्रारींचा रकाना हवाच.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हरलात तर दावा लावणाऱ्याला अपील नाही. कंपनीला आहे, ३० दिवसांत, आणि त्या सुनावणीत तिचा वकील येऊ शकतो.

कागद मिळाल्यावर तडजोडीचा फोन आला तर अटी लेखी घ्या. 'आधी दावा मागे घ्या, मग पैसे सोडतो' हे मुळीच मान्य करू नका. रक्कम बँकेत जमा झालेली दिसली, की मगच सीआयव्ही-११० हा दावा मागे घेण्याचा फॉर्म भरा.