जास्वंदीचा चहा बुळबुळीत का झाला?

प्रश्न : ताई, आमच्या अंगणातल्या लाल जास्वंदीला रोज आठ-दहा फुलं येतात. दुकानातला ‘हिबिस्कस टी’ महाग, म्हणून चार फुलं पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळली. रंग जांभळट, चव काहीच नाही आणि पाणी बुळबुळीत! सासूबाई म्हणाल्या, “हे आता केसांनाच लाव.” काय चुकलं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सासूबाई बरोबर बोलल्या. जास्वंदीच्या पाकळ्यांत चिकट द्रव असतो, म्हणून तर आपण ती केसांना लावतो. उकळलीत की तो सगळा पाण्यात उतरतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. दुकानातला तो आंबट, लालभडक चहा जास्वंदीचा नसतोच. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा. पाकळ्या गळल्यावर फुलाखालचा जो मांसल लाल भाग उरतो, तो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणून नावाचा घोळ. इजिप्त-सुदानमध्ये याच चहाला ‘करकदे’ म्हणतात. गरम पितात, गारही पितात. माझं माहेर अकोल्याचं. आमच्याकडे अंबाडीची भाजी-भाकरी नेहमीची, आणि बोंडांची आजी चटणी करायची. त्याच बोंडांची डबी शहरात एवढ्या किमतीला पाहिली तेव्हा मला हसूच आलं.

बोंडं मिळाली तर देठाकडून गोल काप देऊन आतली बियांची गाठ ढकलून काढा. बोटं लाल होतील, होऊ द्या. उरलेला मांसल लाल भाग सावलीत कडकडीत वाळवून बरणीत भरा. कपभर उकळत्या पाण्याला पाच-सहा बोंडांचा हा वाळलेला भाग पुरतो. झाकून सात-आठ मिनिटं ठेवा, मग गाळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, कारण हा चहा चांगलाच आंबट असतो. त्याच कारणाने दूध घालू नका, फाटेल. गूळ आणि आल्याचा तुकडा मात्र छान लागतो.

तुमच्या जास्वंदीचंही करता येईल. फक्त पाकळ्या घ्या, हिरवा देठ आणि मधला तुरा काढा. गॅस बंद करून पाण्यात टाका, तीन मिनिटांत गाळा. वर लिंबू पिळलंत की जांभळट रंग क्षणात लाल होतो, मुलांना दाखवा. चव बेताचीच, ती लिंबाचीच म्हणायची. फुलं घरचीच हवीत. पूजेसाठी विकत आणलेल्या फुलांवर काय फवारलंय, सांगता येत नाही.

एक मात्र सांभाळा. अंबाडीच्या चहाने रक्तदाब थोडा उतरतो. सासूबाईंना बीपीची गोळी चालू असेल तर रोज देण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणी तर नकोच.

अंगण आहे तर पावसाच्या तोंडाला, पाणी साचणार नाही अशा जागी लाल अंबाडीचं बी टाका. दिवाळीच्या आगेमागे बोंडं धरतील. दोन-चार झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी झालं.