रात्री अंगावर गांधी उठतात, सकाळी काहीच नसतं. हे काय असावं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याहून नेरुळला राहायला आल्यापासून रोज रात्री अंगावर लाल गांधी उठतात, जीव जाईल इतकी खाज सुटते आणि सकाळी कातडी स्वच्छ. सासूबाई पाण्याला दोष देतायत आणि बाळाला लागेल म्हणून तुम्ही त्याला जवळ घेत नाही आहात.

मी डॉक्टर नाही, पण हे भोगलंय. वर्णनावरून हे अंगावर पित्त उठणं वाटतं, डॉक्टरी भाषेत अर्टिकेरिया. ते संसर्गजन्य नाही, बाळाला खुशाल घ्या. आणि पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. आपल्याकडे शब्द एकच असल्यामुळे लोक अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन खाजवत बसतात. कातडीतल्या काही पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि तेवढी जागा फुगते.

ओळखायची खूण म्हणजे घड्याळ. एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. २४ तासांच्या आत ती विरली आणि दुसरीकडे नवी उठली, तर पित्तच. तीच जागा दिवसभराहून जास्त टिकली, दुखली किंवा काळानिळा डाग राहिला, तर प्रकरण वेगळं, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

माझं सांगते. मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. सकाळी वाशीची गाडी पकडली तेव्हा मनगटावर होतं, कोपरखैरण्याला पोटावर. संध्याकाळी दवाखान्यात पोचले तर दाखवायला एक ठिपका नाही! म्हणून उठल्याउठल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरच्यांनी कोळंबीवर आळ घेतला आणि मी उगाच दोन महिने कोळंबी सोडली. खाण्यातून आलं तर बहुधा तासा-दोन तासांतच उठतं. मला आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता, डॉक्टरांनी बोट त्याच्यावर ठेवलं. तुम्हीही सर्दी-ताप, नवी गोळी (आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक), कीटक चावणं, हे आठवून बघा. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पाणी मात्र माझ्या यादीत शेवटी.

सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन या अ‍ॅलर्जीवरच्या गोळीने मला आराम पडला. झोप येते, म्हणून रात्री घ्यायचे. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं तर लावू द्या, थंड वाटतं, घटकाभर खाज शमते. कढत पाण्याने आंघोळ नको. बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. सहा आठवड्यांवर गेलं तर जुनाट म्हणतात, मग नीट उपचार हवेत.

नुसते ओठ किंवा पापण्या सुजल्या तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.